बार्सिलोनात चौथीचा प्रवेश: पुण्याच्या मुलीचं कॅटलान शाळेतलं पहिलं दीड वर्ष

मुलगी नऊ वर्षांची, पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत. वडिलांना बार्सिलोनात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली, रुजू व्हायचं जानेवारी २०२४ मध्ये. आई नोकरी सोडून सोबत जाणार. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, सोसायटीच्या बागेत हिंदी, त्यामुळे मुलीला तीन भाषांची सवय होतीच. ‘स्पेन म्हणजे स्पॅनिश’ असा हिशेब करून निघण्याआधी चार महिने, आठवड्यातून दोनदा, तिला स्पॅनिशची ऑनलाइन शिकवणी लावली. शाळेची पहिली सूचना घरी आली तेव्हा त्या कागदावर स्पॅनिशचा एक शब्द नव्हता. कागद कॅटलानमध्ये होता, म्हणजे बार्सिलोना ज्या कॅटलोनिया प्रांतात आहे तिथल्या भाषेत.

कुटुंब प्रातिनिधिक आहे. अशा स्थलांतरांत जे पुन्हापुन्हा घडतं ते इथे एका घरात गोळा केलं आहे. नियम, कागद, कार्यालयं आणि त्यांना लागणारा वेळ मात्र तिथलाच.

शहर निवडलं की भाषा निवडली

स्पेनची १९७८ ची राज्यघटना कॅस्टिलियनला, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिला, देशाची राजभाषा ठरवते आणि बाकीच्या भाषांना आपापल्या स्वायत्त प्रांतात राजभाषेचा दर्जा देते. म्हणून शाळेची भाषा प्रांतागणिक बदलते. माद्रिदमध्ये स्पॅनिश. बास्क प्रांतात ए, बी, डी अशी तीन प्रारूपं आहेत: ए मध्ये बास्क फक्त एक विषय, डी मध्ये सगळं शिक्षण बास्कमधून, बी अधलंमधलं. व्हॅलेन्सियात २०२४ च्या कायद्यानंतर वर्गाची मुख्य भाषा पालक निवडतात आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठी पालकांचं मतदानही झालं. कॅटलोनियात अशी निवड नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत गणित, विज्ञान, इतिहास कॅटलानमधून चालतात, स्पॅनिश आणि इंग्रजी हे विषय म्हणून असतात.

या पद्धतीची सुरुवात १९८३ च्या भाषा कायद्यानंतर झाली, आणि झाली तीही बार्सिलोनाला लागून असलेल्या सांता कोलोमा दे ग्रामेनेत या कामगारवस्तीत. तिथले बहुतेक पालक आंदालुसियासारख्या दक्षिणेकडच्या प्रांतांतून आलेले, घरी स्पॅनिश बोलणारे. मुलं मागे पडू नयेत म्हणून त्यांनीच कॅटलान शाळांचा आग्रह धरला होता. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. कॅटलोनियाच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये किमान २५ टक्के शिक्षण स्पॅनिशमधून द्या असा निकाल दिला, तर तिथल्या संसदेने २०२२ मध्ये कायदा करून टक्केवारीची भाषाच बाजूला सारली. हा वाद अजून मिटलेला नाही, पण पुण्याहून आलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. वर्गात बाई कॅटलानच बोलणार, हे धरून चालावं. महाराष्ट्रातही २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, पण आपल्याकडे ती एक विषय आहे. तिथे भागाकारही त्याच भाषेत शिकावा लागतो.

पर्याय म्हणजे खासगी आंतरराष्ट्रीय शाळा. तिची फी वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे सहज जाते, आणि थोडी कॅटलान-स्पॅनिश तिथेही असते. आमचं मत स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत परतायचं नक्की असेल आणि फी कंपनी भरत असेल तर आंतरराष्ट्रीय शाळा घ्यावी. मुक्काम चार वर्षांच्या पुढे जाणार असेल तर सरकारी शाळा. अडचण मधल्या लोकांची, आणि हे कुटुंब नेमकं मधलं. परवाना तीन वर्षांचा, फी स्वतःच्या खिशातून. त्यांनी सरकारी शाळा घेतली.

पुण्यात करायची कामं

व्हिसा सोपा गेला. उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांसाठीचा परवाना २०१३ च्या १४ क्रमांकाच्या कायद्याखाली मिळतो, कुटुंबाचा अर्ज सोबतच करता येतो, आणि निर्णयाला २० कामकाजाचे दिवस ही मुदत आहे. मंजुरी आली की मुंबईतल्या वकिलातीचा व्हिसा. वेळ खाल्ला तो जन्मदाखल्याने.

महापालिकेचा मूळ दाखला बारशाआधी काढलेला होता आणि नावाचा रकाना रिकामा होता. असे दाखले घराघरांत फायलीत पडून असतात, कारण पासपोर्टच्या वेळी दुसऱ्या कागदांवर भागून जातं. आधी नाव नोंदवून नवा दाखला काढावा लागला. मग मंत्रालयातून राज्य शासनाचं साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, आणि सगळ्यात शेवटी शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. हा क्रम उलटवायचा नाही. भाषांतर आधी करून घेतलं तर अपोस्टीलचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. दाखला मराठी-इंग्रजी असा द्वैभाषिकच घ्यावा, नुसत्या मराठी कागदासाठी स्पॅनिशचा शपथबद्ध भाषांतरकार शोधणं म्हणजे गवतात सुई शोधणं. कॅटलान भाषांतराची गरज नाही, कॅटलोनियातली सरकारी कार्यालयं स्पॅनिश कागद स्वीकारतात. आई-वडिलांच्या विवाहाच्या दाखल्यालाही हेच सगळे सोपस्कार.

शाळेचे कागद त्यामानाने किरकोळ. प्राथमिक वर्गासाठी भारतातल्या इयत्तेची समकक्षता लागत नाही. शाळा सोडल्याचा दाखला तिथे कुणी पाहत नाही, पण परतीसाठी तो जपून ठेवावा. लसीकरणाचं कार्ड मात्र लागतं. बार्सिलोनातल्या आरोग्य केंद्रातली नर्स लशी तिथल्या नोंदीत चढवते आणि राहिलेल्या देते. कार्डावर बीसीजीची तारीख ठळक दिसू द्यावी. ती लस तिथे सरसकट दिली जात नाही, आणि क्षयाच्या त्वचाचाचणीला भारतीय मुलाच्या हातावर गाठ आली तर ती लशीमुळे की क्षयाच्या संसर्गामुळे हा प्रश्न येतोच.

नावाचा घोटाळा तिथे गेल्यावर झाला, पण त्याची तयारी इथेच करता आली असती. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. स्पेनमध्ये नाव, मग वडिलांचं आडनाव, मग आईचं आडनाव. पासपोर्टात मुलीच्या नावाच्या ओळीत वडिलांचं नाव जोडलेलं होतं. एका खिडकीवरच्या कारकुनाने ते पहिलं आडनाव समजून नोंदवलं, दुसऱ्या खिडकीवरच्याने तसंच नावात ठेवलं. परिणामी आरोग्य कार्डावर एक मुलगी आणि शाळेच्या यादीत दुसरी. दुरुस्तीला तीन भेटी पडल्या. उपाय साधा आहे. प्रत्येक अर्जावर नावाच्या रकान्यात पासपोर्टची नावाची ओळ जशीच्या तशी, पहिल्या आडनावात आडनाव, दुसऱ्या आडनावाची जागा रिकामी. खिडकीवरून उठण्याआधी छापील कागद वाचून बघावा, मागून दुरुस्तीला नवी वेळ घ्यावी लागते.

पत्ता नाही तर शाळा नाही

कुटुंब १० जानेवारीला उतरलं. कंपनीने महिनाभरासाठी पर्यटकांना देतात तसलं सर्व्हिस अपार्टमेंट दिलं होतं. सोय म्हणून ते चांगलं, शाळेसाठी निरुपयोगी. शाळेच्या प्रवेशाचं सगळं गणित घराच्या नोंदणीवर, म्हणजे महापालिकेच्या ‘पद्रो’वर चालतं, आणि पर्यटकांच्या फ्लॅटवर पद्रो होत नाही. त्या पत्त्याशिवाय जवळची शाळा कोणती हेच ठरत नाही.

भाड्याचं घर शोधताना दुसरा सापळा समोर येतो. बऱ्याच जाहिराती अकरा महिन्यांच्या ‘हंगामी’ कराराच्या असतात. त्यात ठेवीचे आणि एजंटच्या दलालीचे नियम २०२४ मध्ये भाडेकरूला तितकं संरक्षण देत नव्हते, आणि काही मालक पद्रोला तोंडी नकार देतात. कायमच्या निवासाच्या करारात कायद्याने एक महिन्याची ठेव आणि वर फार तर दोन महिन्यांची जादा हमी, एजंटची दलाली मालकाने भरायची. शाळकरी मूल असेल तर करारावर सही करण्याआधी एकच वाक्य विचारावं: या पत्त्यावर आमची नोंदणी होईल ना? गुळमुळीत उत्तर आलं तर ते घर सोडावं.

करार ५ फेब्रुवारीला झाला, पोब्लेनोऊ भागात, वडिलांच्या ऑफिसजवळ. पद्रोसाठी महापालिकेच्या नागरिक कार्यालयात आगाऊ वेळ घ्यावी लागते. तिला तिथे ‘सीता प्रेविया’ म्हणतात, आणि ती मिळवायला लंकेपर्यंत जावं लागतं की काय असं वाटावं इतकी ती दुर्मीळ. नव्या वेळेसाठी संकेतस्थळ पुन्हापुन्हा बघत राहावं, एवढं ध्यानात ठेवावं. १२ फेब्रुवारीला वेळ मिळाली. तिघांचे पासपोर्ट, भाडेकरार, भरलेला अर्ज आणि मुलीचा अपोस्टील-भाषांतरासह जन्मदाखला दिला. स्पॅनिश कुटुंबांकडे असणारं ‘कुटुंबपुस्तक’ आपल्याकडे नसतं, त्याच्या जागी हा दाखला. फी नाही, नोंदणीचा कागद तिथेच हातात मिळाला.

निवास कार्डाची वाट मात्र पाहायची नाही. बोटांचे ठसे, पोलिसांची वेळ, कार्ड छापून येणं, यात आठवडे जातात, आणि शाळेला त्याची गरज नसते. अल्पवयीन मुलाचा शिक्षणाचा हक्क पालकांच्या परवान्यावर अवलंबून नाही. पासपोर्टावर प्रवेश होतो.

वर्ष सुरू असताना आलेल्या मुलांच्या प्रवेशाला ‘मात्रीकुला वीवा’, म्हणजे चालू प्रवेश म्हणतात. बार्सिलोनात तो शहराचं शिक्षण कन्सोर्शियम बघतं, त्याचं कार्यालय उर्किनाओना चौकात आहे. इतर गावांत महापालिकेचं प्रवेश कार्यालय असतं. अर्जात पसंतीच्या शाळा लिहायच्या, पण जागा मिळते ती जिथे रिकामी असेल तिथे. मार्चमधल्या नियमित प्रवेशफेरीत भावंडं आणि घराचं अंतर यांचे गुण असतात, नोकरीच्या जागेलाही थोडे असतात. फेब्रुवारीत आलेल्याला यातलं काही कामाला येत नाही. घराजवळच्या तिन्ही शाळांचे चौथीचे वर्ग भरलेले होते. जागा निघाली मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर दोन स्थानकं पुढे, एल मारेस्मेत. पुस्तकांत ‘मूल जवळच्या शाळेत जाईल’ असं लिहिलेलं असतं. वर्षाच्या मध्यात येणाऱ्याने मनात मेट्रोचं स्थानक धरून ठेवावं. ४ ते १६ वयाच्या मुलांना टी-१६ हा मोफत प्रवासाचा पास मिळतो, त्यालाही पद्रो लागतो.

शाळेचा पहिला दिवस २६ फेब्रुवारी. उतरल्यापासून जवळपास सात आठवडे मूल घरात. यातला महिनाभर निव्वळ अपार्टमेंटने खाल्ला. वडिलांनी एकट्याने डिसेंबरात पुढे जाऊन घर ठरवलं असतं आणि मायलेकी जानेवारीअखेर गेल्या असत्या, तर मुलगी त्या दिवसांत पुण्याच्या वर्गात बसली असती. 

तिसरीतून थेट चौथीत

स्पेनमध्ये वर्ग ठरतो तो जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून. ज्या वर्षी सहा वर्षं पूर्ण होतात त्या सप्टेंबरात पहिली. ही मुलगी नोव्हेंबर २०१४ ची. पुण्यात प्रवेशाच्या वेळच्या कट-ऑफ तारखेमुळे ती एक वर्ष मागे बसली होती आणि तिसरीत होती. बार्सिलोनात ती चौथीत गेली, तेही वर्ष निम्मं सरल्यावर. पालकांनी तिसरीत बसवण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही. आम्हाला तो निर्णय बरोबर वाटतो. भाषा न येणाऱ्या मुलाला लहान मुलांत बसवलं की भाषा लवकर येते असं नाही, फक्त उंची खुपते.

नवागत मुलांसाठी शाळेत स्वागतवर्ग असतो, ‘आउला दाकुयीदा’. हे वर्ग २००४ पासून सुरू झाले. मूल आपल्याच वर्गाचं राहतं, दिवसातले काही तास तेवढं या छोट्या गटात जातं, बाकी वेळ, विशेषतः चित्रकला, संगीत, खेळाच्या तासाला, आपल्या वर्गात. ही सोय साधारण २४ महिने मिळते, फार दूरच्या भाषेतून आलेल्यांना अपवादाने ३६. गटात सहा-सात मुलं होती, वेगवेगळ्या देशांची. पहिल्या अर्जात ‘घरची भाषा’ असा रकाना असतो. बार्सिलोनात पाकिस्तान आणि पंजाबातून आलेली कुटुंबं खूप आहेत, त्यामुळे भारतीय चेहरा पाहून शाळा उर्दू किंवा हिंदी धरून चालते. तिथे ‘मराठी’ लिहावं, आणि मूल कोणत्या लिपी वाचतं तेही सांगावं. या मुलीला रोमन लिपी वाचता येत होती, म्हणजे निम्मा गड सर होता. बाईंनी तिला अक्षरओळखीच्या पुस्तकात अडकवलं नाही, थेट शब्द आणि चित्रांवर घेतलं.

कॅटलानचे उच्चार मराठी कानाला स्पॅनिशपेक्षा जवळचे पडतात, हे तिथे गेल्यावर कळतं. बार्सिलोनाच्या बोलीत जोर नसलेले ‘आ’ आणि ‘ए’ हे आपल्या ‘अ’कडे झुकतात आणि जोर नसलेला ‘ओ’ हा ‘उ’ होतो. चॉकलेटला ‘शुकुलात’ म्हणतात. इंग्रजीभाषक मुलं ज्या ‘त्स’ आणि ‘द्झ’वर अडखळतात, ते आपल्याकडे ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘जहाज’मधला ‘ज’ म्हणून घरचेच. ‘सगळे’ या अर्थाचा कॅटलान शब्द अगदी मराठी ‘तोच’सारखा ऐकू येतो. मे महिना ‘माच’, पण हा ‘चार’मधला ‘च’. बाराला ‘दोद्ज’. मुलीने एका वहीत देवनागरीत उच्चार लिहून घ्यायला सुरुवात केली आणि बाईंनी ती वही वर्गात सगळ्यांना दाखवली. ही युक्ती पहिले तीन-चार महिने फार उपयोगी, पुढे आपोआप सुटते.

तरी मार्च-एप्रिलभर मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती. याला मौनकाळ म्हणतात, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत तो चालू शकतो, आणि त्यात मूल शिकत नाही असं नसतं. तिचं पहिलं पूर्ण वाक्य, जवळपास प्रत्येक नवागताचं असतं तेच, ‘पुक अना अल लवाबु?’ म्हणजे बाथरूमला जाऊ का.

पुण्यातली स्पॅनिशची शिकवणी फुकट गेली का? नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर मुलं मोठ्या प्रमाणात स्पॅनिशच बोलतात. मैत्रिणी त्या शिकवणीमुळे लवकर झाल्या, वर्गातली भाषा उशिरा आली. चूक पुढे झाली. घाबरून पालकांनी एप्रिलमध्ये पुन्हा स्पॅनिशचा शिक्षक लावला, आणि मुलगी वहीत दोन्ही भाषा कालवू लागली. स्वागतवर्गाच्या बाईंच्या सांगण्यावरून तो बंद केला. एका वेळी वर्गाची भाषा पुढे न्यायची, दुसरी मैदानावर सोडायची.

गणितात नापास, उत्तर बरोबर

पालकांना सगळ्यात मोठा धक्का गणिताने दिला, कारण ‘गणिताला भाषा लागत नाही’ यावर त्यांची भिस्त होती.

८४५ भागिले ५. पुण्यात मुलगी भाजक डावीकडे लिहायची, भागाकार डोक्यावर, आणि खाली प्रत्येक वजाबाकी मांडायची: ८ मधून ५, मग ३४ मधून ३०, मग ४५ मधून ४५. तिथे भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे चौकटीत, भागाकार १६९ भाजकाच्या खाली, आणि वजाबाक्या मनात. भाज्याखाली उरतात फक्त ३४, ४५ आणि ०. तिची मांडणी शेजारच्या मुलीला कळेना, शेजारचीची हिला. शिवाय दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब. सभागृहात १.२५० खुर्च्या आहेत, हे वाचून तिने सव्वा खुर्ची असं उत्तर काढलं. आठवडाभर घरी रोज दहा मिनिटं दोन्ही पद्धतींनी एकच गणित मांडून घेतलं आणि प्रश्न सुटला. ‘तुझी पद्धत चुकीची’ असं न म्हणता ‘ही पुण्याची मांडणी, ही इथली’ असं म्हणावं. शाब्दिक उदाहरणं मात्र भाषेशिवाय सुटत नाहीत, ती पाचवीच्या मध्यापर्यंत कच्चीच राहिली.

प्रगतिपुस्तकात गुण नसतात. एनए म्हणजे अजून साध्य नाही, मग एएस, एएन आणि सगळ्यात वर एई. २० पैकी १८ ची सवय असलेल्या आईला पहिल्या जूनच्या कागदावर बऱ्याच विषयांपुढे शेरा आणि कमी ग्रेड दिसल्या. नवागत मुलांचं मूल्यमापन त्यांच्यासाठी आखलेल्या वैयक्तिक योजनेवर होतं, वर्गाच्या सरासरीवर नाही. ही योजना शाळा करते आणि पालकांना त्यावर बोलवते. ती मागून घ्यावी, वाचावी. पुढच्या भेटीत प्रश्न विचारायला तोच आधार असतो.

डबा, सुट्टी आणि ‘फेस्ता’

प्राथमिक शाळा सकाळी ९ ते १२:३० आणि पुन्हा दुपारी ३ ते ४:३०. मधले अडीच तास मूल घरी जेवायला आणायचं किंवा शाळेच्या भोजनगृहात, रोजचे सहा-सात युरो देऊन. घर दोन स्थानकं लांब, म्हणून भोजनगृह. अर्जात ‘शाकाहारी’ लिहून काम भागलं नाही. पहिल्याच आठवड्यात सॅलडमध्ये ट्यूना आला, कारण ‘मांस नाही’ याचा अर्थ तिथे ‘मासे चालतात’ असा सहज घेतला जातो, आणि सूपचा रस्सा कोंबडीचा असू शकतो. मग लेखी दिलं: ‘नी कार्न, नी पेश’, मांस नाही, मासे नाहीत, रस्साही नाही, अंडी आणि दूध चालतं. जेवणाच्या तासाचे मदतनीस शाळेचे शिक्षक नसतात, वेगळ्या संस्थेचे असतात. त्यांना वेगळं सांगावं लागतं.

पालकांच्या व्हॉट्सॅप गटात आणि शाळेच्या ॲपवर सगळं कॅटलानमध्ये. मे महिन्यात सूचना आली, ‘दिल्युन्स एस फेस्ता’. भाषांतराच्या ॲपने सांगितलं, सोमवारी पार्टी आहे. मुलगी नवा फ्रॉक घालून, मैत्रिणींसाठी घरी केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन शाळेच्या बंद फाटकापाशी उभी राहिली. ‘फेस्ता’ म्हणजे सुट्टी. प्रत्येक शाळेला वर्षात काही सुट्ट्या स्वतःच्या मर्जीने ठरवता येतात, त्यांची यादी सप्टेंबरात मिळते, मध्येच आलेल्याला ती मागूनच घ्यावी लागते. दिवाळीला अर्थातच शाळा चालू असते. नाताळात डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांपासून ७ जानेवारीच्या आसपासपर्यंत सुट्टी, भारतफेरी त्यातच बसवावी. ऑक्टोबरात दोन आठवडे गायब झाल्यास गैरहजेरीची विचारणा होते.

फ्रॉकच्या त्या सोमवारनंतर आईने स्वतः कॅटलान शिकायचं ठरवलं. कॅटलान शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचे सुरुवातीचे वर्ग मोफत असतात, पहिली पायरी ४५ तासांची. पुढे ‘भाषेसाठी स्वयंसेवक’ या योजनेत एका स्थानिक बाईंसोबत जोडी मिळते, आठवड्याला एक तास, किमान दहा तास, विषय कोणताही, अट एकच की कॅटलान सोडायचं नाही. सगळ्या प्रकरणात मुलीच्या अभ्यासावर सर्वात जास्त परिणाम याचा झाला. आई सूचना स्वतः वाचू लागली, शिक्षकांच्या भेटीला दुभाष्याशिवाय बसू लागली, आणि गृहपाठ ‘समजून घेण्याचा’ भार मुलीच्या डोक्यावरून उतरला. त्याआधी नऊ वर्षांची मुलगी घराची अनुवादक झाली होती. हे काम मुलावर पडतंच, पण ते लवकरात लवकर काढून घ्यावं.

घरच्या मराठीबद्दल एक चूक वेळेत सुधारली. कुणीतरी सल्ला दिला की घरीही स्पॅनिश बोला, मूल लवकर रुळेल. तीन आठवडे घरात मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये जेवणं झाली आणि मुलगी घरीही गप्प बसू लागली. स्वागतवर्गाच्या बाईंनी उलटं सांगितलं: जी भाषा तुम्हाला नीट येते तिच्यात तिच्याशी बोला, गोष्टी सांगा, भांडा. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स १९७९ पासून हेच मांडत आले आहेत. बोलण्यापुरती नवी भाषा वर्षा-दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि पहिल्या भाषेतली समज दुसऱ्या भाषेत उतरते. म्हणून विज्ञानाचा धडा संध्याकाळी आधी मराठीत समजावायचा, मग कॅटलान शब्द लावायचे, अशी पद्धत बसवली. ‘बाष्पीभवन’ कळलं असेल तर कॅटलान शब्द हे फक्त नवं लेबल. लेखनासाठी बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून रोज वीस मिनिटं. परतीची शक्यता ज्यांना आहे त्यांनी ही वीस मिनिटं सोडू नयेत. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे भारतात मुलाला वयानुसार वर्ग मिळतो, पण आठवीतल्या मराठीच्या पेपरला तो कायदा धावून येत नाही.

पहिली उन्हाळी सुट्टी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, अकरा आठवडे. सगळी पुण्यात काढली असती तर नुकतं फुटलेलं कॅटलान सुकलं असतं. त्यांनी तीन आठवडे शहरातल्या ‘कासाल’ला, म्हणजे उन्हाळी शिबिराला दिले, मग पाच आठवडे पुणे, आणि शाळेआधी परत. शिबिरांची नावनोंदणी मेमध्येच होते.

जून २०२५ अखेर, पाचवी संपताना

मुलगी वर्गात बोलते, मैदानावर स्पॅनिशमध्ये भांडते. वाचन वर्गाच्या जवळ आलं आहे, लेखन वर्षभर मागे. गणितात एएन, समाजशास्त्रात एएस. स्वागतवर्गाचे तास कमी झाले आहेत. तिचे २४ महिने फेब्रुवारी २०२६ मध्ये भरतात आणि लगेच पुढच्या महिन्यात माध्यमिक शाळेची, म्हणजे ‘एसो’ची प्रवेशफेरी असते, कारण सप्टेंबर २०२६ मध्ये ती सातवीच्या बरोबरीच्या वर्गात जाणार. प्रत्येक प्राथमिक शाळेशी काही माध्यमिक शाळा जोडलेल्या असतात आणि त्या जोडणीला प्राधान्य मिळतं. घराजवळच्या शाळेत बदली घ्यावी की एल मारेस्मेतच राहावं, याचा निर्णय म्हणून सहावीच्या सुरुवातीलाच लागतो. मागाहून बदलली तर जोडणी बदलते.

हीच मुलगी पंधराची असती तर वरचं बरंच काही लागू पडलं नसतं. सक्तीचं शिक्षण १६ व्या वर्षी संपतं. ‘एसो’च्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षात आलेल्या मुलाला दोन नव्या भाषांत जेमतेम एक वर्ष मिळतं, आणि दहावी करून आलेल्याला पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी समकक्षता काढावी लागते. त्या वयासाठी वडिलांनी आधी जाऊन मुलाने पुण्यातच बारावी करणं हा पर्याय टेबलावर ठेवायला हवा.

या कुटुंबाचा परवाना जानेवारी २०२७ मध्ये संपतो. नूतनीकरणाच्या वेळी मूल शाळेत जातं याचा पुरावा मागितला जाऊ शकतो, म्हणून शाळेकडून वर्षाच्या शेवटी हजेरीचा दाखला घेण्याची सवय त्यांनी लावली आहे. तो कॅटलानमध्ये मिळतो, आणि आता तो घरात कुणालाही वाचता येतो.